साहेबांनी नावं मागितली आहेत

पत्र

ताई, नमस्कार. मी पुण्याजवळ एका पार्सल कंपनीच्या डिलिव्हरी स्टेशनवर टीम लीड आहे. वय २९. दोन वर्षं हे काम करतोय, आधी चार वर्षं इथेच रायडर होतो. हाताखाली ५२ रायडर आहेत. २४ जण व्हेंडरच्या, म्हणजे ठेकेदाराच्या पगारावर, २८ जण ॲपवर, नगाप्रमाणे म्हणजे दर पार्सलमागे पैसे. रोजचे साधारण ८० नग, सेलच्या दिवसांत १२०. गेल्या महिन्यात नगाचा दर १४ रुपयांवरून साडेबारा केला, तोही नुसता ॲपवर मेसेज टाकून. वर हरवलेल्या पार्सलचे डेबिट, म्हणजे रायडरच्या पैशांतून कपात, चालूच आहेत. पोरांनी ठरवलंय, दिवाळी सेलच्या पहिल्या दिवशी कुणीच यायचं नाही. क्लस्टर मॅनेजर साहेबांना कुणकुण लागली. ते म्हणाले, "तू त्यांच्यातलाच आहेस. तीन-चार भडकवणाऱ्यांची नावं दे, त्यांच्या आयडी बंद करू, बाकीचे गप बसतील." महिनाअखेरपर्यंत नावं हवीत. ज्याचं नाव सगळ्यात वर येईल त्यानंच मला पहिल्या आठवड्यात गाडीवर मागे बसवून सगळे रूट दाखवले होते. मी त्याला दादा म्हणतो. हल्ली मी टपरीवर गेलो की बोलणं थांबतं. घरी दीड वर्षाची मुलगी, फ्लॅटचा हप्ता, पगार २६ हजार. नावं दिली तर दादाला तोंड कसं दाखवू? नाही दिली तर नोकरी राहील का? मी नक्की कुणाच्या बाजूचा, तेच कळेनासं झालंय.

उत्तर

नमस्कार.

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. नावं देऊ नका. एकही नाही. दादाचं वगळून दुसऱ्या तिघांची द्यावीत असं मनात येत असेल, तर तेही नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तुमच्याच वयाची असताना मी भिवंडीतल्या एका वाहतूक कंपनीच्या गोदामात कार्मिक विभागात होते. जादा तासांच्या पैशांवरून हमालांत आणि लोडरांत धुसफूस सुरू झाली. मॅनेजरांनी मला बोलावून अगदी हेच विचारलं, शब्दही जवळपास हेच. मी एका जुन्या बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या पाठीमागे पेन्सिलीनं तीन नावं लिहून दिली. नोकरी नवी होती, घरात माझ्याच पगाराचा आधार होता, आणि खरं सांगायचं तर साहेबांनी विश्वासानं विचारलं याचं मला बरंही वाटलं होतं. आठवड्याभरात तिघांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं गेलं.

गोदाम शांत झालं. इतकं शांत, की माझ्या टेबलाशी कुणी येईनासं झालं. पूर्वी कुणी रजेचा अर्ज लिहून घ्यायला यायचं, कुणी मुलाच्या शाळेचा फॉर्म भरून घ्यायला, आणि जाता जाता 'बाई, तिकडचा दिवा गेलाय', 'बाई, तो ड्रायव्हर पिऊन येतो' असं काहीबाही सांगून जायचं. ते सगळं थांबलं. पुढच्या पावसाळ्यात ट्रकमधून माल उतरवायच्या उतारावरची लाकडी फळी कुजून मोडली आणि पाठीवर खोकं घेतलेला एक माणूस खाली गेला. घोट्याचं हाड मोडलं. फळी डुगडुगते आहे हे आठ दिवस सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. का सांगतील? माझ्याशी बोललेलं कुठे जातं ते त्यांनी बघितलं होतं.

तुमच्या टपरीवरचं बोलणं आत्ताच थांबतंय, आणि तुम्ही तर अजून काही केलेलंही नाही. नावं दिलीत तर स्टेशनवर काय चाललंय हे कळायची तुमची वाट कायमची बंद होईल. मग तुम्ही साहेबांच्याही उपयोगाचे राहणार नाही. 'तू त्यांच्यातलाच आहेस' म्हणून तर त्यांनी तुम्हाला विचारलं ना?

आता साहेबांना सांगायचं काय? 'मला माहीत नाही' असं म्हणू नका. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, आणि खोटं बोललात की पुढचं सगळं बोलणं त्या खोट्यावर उभं राहतं. नावांच्या जागी त्यांच्या हातात दुसरं काहीतरी ठेवा. कागद ठेवा.

माझ्या अंदाजानं साहेबांनी स्वतः हा हिशेब केलेला नाही, म्हणून तो तुम्ही करा. नगामागे दीड रुपया कमी झाला. तुम्ही लिहिता, रोजचे साधारण ८० नग. म्हणजे दिवसाला १२० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,१२० रुपये. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, ते रायडरच्याच खिशातून. साहेबांना 'नगामागे दीड रुपया' ऐकू येतो, रायडरच्या घरी मात्र तीन हजारांचा खड्डा पडतो. हे दोन्ही आकडे एका ओळीत, शेजारी शेजारी लिहा.

मग वेळेचा हिशेब. आठ तासांची ४८० मिनिटं. ८० नग असले तर एका नगाला सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत पत्ता शोधायचा, सोसायटीच्या गेटवर नोंद करायची, फोन लावायचा, ग्राहक 'येतेच' म्हणते तोवर थांबायचं, ओटीपी घ्यायचा, सुटे पैसे द्यायचे, गाडीला किक मारायची. सेलच्या दिवसांत तुम्ही १२० नग देता म्हणता. म्हणजे चार मिनिटं. कितीतरी सोसायट्यांत आजही 'डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये' अशी पाटी आहे. पाचव्या मजल्यावर जिन्यानं जाऊन यायलाच चार मिनिटं लागतात. (ही पाटी लावणाऱ्यांनाही एकदा सविस्तर पत्र लिहायचंय मला. तीस किलोचं धान्याचं खोकं पाठीवर आणणाऱ्या पोराला लिफ्ट नाही आणि कुत्र्याला आहे, हे बघून मान खाली जाते.)

याच हिशेबात एक कडू गोष्टही लिहायला हवी. न जाताच 'ग्राहक घरी नाही' असा शेरा मारणारे तुमच्याकडेही असतील. अशक्य टार्गेटमुळे शेरा मारणारा वेगळा आणि पहिल्या दहा नगांतही मारणारा वेगळा. दुसऱ्याला पाठीशी घालू नका. त्याला बाजूला घेऊन बोला, पुन्हा केलं तर लेखी द्या. तुम्ही रायडरांची चूकही लिहिता हे साहेबांना दिसलं तरच तुमचे बाकीचे आकडे ते खरे मानतील. आणि रायडरांनाही आतून माहीत असतं, कोणाच्या खोट्या शेऱ्यांमुळे सगळ्यांवर बोट येतं ते.

डेबिटवर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण दरापेक्षा जास्त जळतं ते इथे. माणूस वर्षभर कमी पैशात काम करेल, पण 'तू चोर आहेस' असं न बोलता पगारातून कापून सांगितलेलं तो विसरत नाही. मोबाइलचं पार्सल हरवलं, सिस्टिममध्ये शेवटचा स्कॅन रायडरचा दिसला, की रक्कम त्याच्या नावावर. पण बॅग स्टेशनवर उघडली तेव्हा ते पार्सल आत होतं का? पहाटे सहाला गाडी लागते, तासाभरात सगळं सॉर्ट करून रनशीट, म्हणजे रायडरच्या दिवसाच्या नगांची यादी, हातात द्यायची असते, घाईत कुणीतरी पूर्ण बॅगच एका बीपमध्ये 'मिळाली' करून टाकतो. तुम्ही स्वतः रायडर होतात, तुम्हाला हे मी सांगायला नको.

व्हेंडरच्या पगारावरच्या २४ जणांबाबत कायदा स्पष्ट आहे. वेतन संहितेनुसार नुकसानीपोटी पगारातून कापायचं तर ते नुकसान त्या माणसाच्या हलगर्जीपणानं झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. महिन्याच्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. आधी कापायचं आणि मग 'तिकीट टाक', म्हणजे ॲपवर तक्रार नोंदव, म्हणायचं, ही पद्धत त्यात बसत नाही. ॲपवरच्या २८ जणांना हे कलम थेट लावून घेणं सोपं नाही, कारण त्यांच्या करारात 'पगार' हा शब्दच नाही. पण स्टेशनवरची पद्धत तर तुम्ही सगळ्यांसाठी एकच ठेवू शकता. एक साधी वही करा. हरवलेल्या प्रत्येक नगाची तारीख, नंबर, बॅग कुणी उघडली, शेवटचा स्कॅन किती वाजता, कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं का, रायडर काय म्हणतो, आणि खाली त्याची सही. सही झाल्याशिवाय डेबिटची शिफारस तुमच्याकडून वर जायची नाही. हे सुरू करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

एकाच शेडमध्ये एकच काम करणाऱ्यांना दोन भाव, ही तुमच्या पत्रातली दुसरी दुखरी जागा आहे. ती फक्त तुमच्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीत १९९७ च्या ऑगस्टमध्ये १,८५,००० कामगारांनी १५ दिवस संप केला. त्याच्या मुळाशी हेच होतं, अर्धवेळ माणसं वाढवत न्यायची आणि पूर्णवेळ नोकऱ्या रोखून धरायच्या. संप मिटला तेव्हा कंपनीनं १०,००० नव्या पूर्णवेळ जागा मान्य केल्या. पुढे २०२३ मध्ये तिथे पुन्हा तशीच वेळ आली. कामगार तीन लाख चाळीस हजार, करार ३१ जुलैला संपणार. टीमस्टर्स या त्यांच्या संघटनेनं तयारी उघड उघड चालवली होती. २५ जुलैला, म्हणजे मुदतीच्या सहा दिवस आधी, समझोता झाला आणि संप झालाच नाही. एकाच कामाच्या ड्रायव्हरांसाठी केलेली कमी पगाराची वेगळी श्रेणी रद्द झाली. आणखी एक मागणी मान्य झाली ती मला फार बोलकी वाटते, नव्या गाड्यांमध्ये एसी. उन्हाळ्यात पत्र्याच्या गाडीत तापून निघणाऱ्यांची ती मागणी होती. त्यांच्याकडे मान्यताप्राप्त संघटना होती, तुमच्याकडे नाही, हा फरक मोठा आहे. तरीही साहेबांसमोर ही गोष्ट काढा. तिथे संप टळला तो मुदतीच्या आधी टेबलाशी बसल्यामुळे टळला.

आता पोरांच्या बेताबद्दल. हे तुम्ही त्यांना सांगायलाच हवं, धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीशिवाय 'कुणीच यायचं नाही' हे व्हेंडरकडच्या २४ जणांना थेट अंगाशी येऊ शकतं. ॲपवरच्या २८ जणांना कायदा अशा नोटिशीत अडकवत नाही, पण त्यांची आयडी एका बटणानं बंद होते आणि विचारायला दारच नसतं. ही भीती खोटी नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे गमावण्यासारखं सगळ्यात जास्त आहे तेच सगळ्यात पुढे उभे राहतील, आणि हे त्यांना आधी कळायला हवं.

त्याच संहितेत पोरांच्या बाजूचंही एक साधन आहे, आणि त्याबद्दल बोलताना कुणी दिसत नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येनं, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत काम संपवायचं. व्हेंडरकडे ही समिती आहे का, ते लेखी विचारा. नसेल तर ती बनवा म्हणा. असेल तर तिच्यात कोण कोण आहे त्यांची नावं भिंतीवर लावा. भिंतीवर लावावीत अशी नावं ती आहेत.

'ॲपवरच्यांचा मालक कोण?' हा प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्रानं तो एकदा सोडवून बघितलेला आहे. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत डोक्यावर ओझं वाहणारा माणूस सकाळी एका व्यापाऱ्याचा, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी टोळीच्या मुकादमाचा असायचा. पडला, मेला, म्हातारा झाला, तर जबाबदार कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा आकार, व्यापाऱ्यानं मंडळाकडे भरायची, आणि मंडळ त्यातून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, आजारपण बघणार. मालक एक नसला तरी हक्क एका जागी जमा होऊ शकतात, हे त्यातून दिसलं. आज सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांसाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये आपापले कायदे केले. तुमच्या २८ जणांनी ई-श्रम पोर्टलवर नोंद केली आहे का? नसेल तर एका रविवारी स्टेशनवर बसून सगळ्यांची करून टाका. आधार आणि मोबाइल लागतो. त्यानं दर वाढणार नाही, पण सरकारदरबारी हा माणूस हे काम करतो एवढी तरी खूण राहील.

२४ जणांचं एक काम राहिलं. प्रत्येकाला आपलं पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून दाखवा, पैसे खरंच भरले जातात का बघा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड हवं. व्हेंडरनं पगार थकवला तर त्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हेही त्यांना सांगून ठेवा. आणि अपघात झाला तर पहिला फोन कुणाला लावायचा, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, विम्याचा नंबर काय, हा कागद शेडमध्ये स्कॅनरच्या टेबलावर चिकटवा, सगळ्या ५२ जणांसाठी.

आता तुमच्या स्वतःच्या हातातली गोष्ट. रूट कोण वाटतं? तुम्ही. बिनलिफ्टच्या जुन्या चाळींचा रूट, हायवेपलीकडचा लांबचा रूट आणि एकाच टॉवरमध्ये चाळीस नग उतरवायचा सोपा रूट, हे सारखे नसतात. नगाच्या दरात तुम्ही काही करू शकत नाही, पण कोणाला कोणता रूट मिळतो यात तुमचा शब्द चालतो. गेल्या दोन महिन्यांच्या रनशीट काढून बघा, सोपे रूट कुणाकडे गेले. दादाकडे किती गेले तेही बघा. तसं काही निघालं तर आजपासून बदला. आठवड्याला रूट फिरते ठेवा आणि यादी बोर्डावर लावा. मॅनेजमेंटकडे न्याय मागणाऱ्याच्या स्वतःच्या वाटपात खोट असेल तर ती ५१ जणांना दिसत असते.

साहेबांना मेल असा काहीसा लिहा. ऑफिसच्याच मेलवरून लिहा, व्हॉट्सॲपवर नको:

"साहेब, सेलच्या दिवशी स्टेशन पूर्ण चालावं ही माझी जबाबदारी आहे. त्यासाठी मी मागच्या आठ आठवड्यांची माहिती काढली, सोबत जोडली आहे. दर बदलल्यापासून नगावर काम करणाऱ्या रायडरला महिन्याला साधारण ३,१०० रुपये कमी मिळतात. याच काळात इतके डेबिट लागले, त्यातल्या इतक्यांत रायडरचं म्हणणं घेतलेलं नाही. नाराजी तीन-चार जणांची नाही, सगळ्या स्टेशनची आहे, त्यामुळे कुणाला काढून ती मिटणार नाही आणि सेलच्या तोंडावर अनुभवी माणसं कमी होतील. पुढच्या आठवड्यात आपण, व्हेंडर आणि रायडरांनी निवडलेले पाच जण अशी बैठक लावू द्यावी. खोट्या शेऱ्यांवर मी केलेली कारवाईही जोडली आहे."

यात तुम्ही नकार दिलेला आहे, पण साहेबांना मागे फिरायला जागाही ठेवली आहे. ती ठेवा. त्यांच्याही वर कुणीतरी आहे, त्यांनाही रोज रात्री आकडे द्यावे लागतात, पार्सल उशिरा गेलं की मोठा ग्राहक कंपनीला दंड लावतो आणि तो दंड कुठून तरी काढायचा असतो. तो खालून काढणं सगळ्यात सोपं, म्हणून खालून निघतो. दीड रुपया परत आणणं कदाचित त्यांच्या हातात नसेल. पण सेलच्या दिवसांत १०० नगांपुढे प्रत्येक नगाला जादा दर, किंवा सुनावणीशिवाय डेबिट नाही, एवढं त्यांच्या अधिकारात बहुधा असेल. बैठकीत आधी ते मागा.

नोकरीचं. ती राहीलच असं वचन मी देऊ शकत नाही, आणि कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. देखरेखीचं काम आणि १८ हजारांवर पगार असेल तर औद्योगिक संबंध संहिता तुम्हाला 'कामगार' धरत नाही, म्हणजे पोरांना जे थोडं संरक्षण आहे तेही तुम्हाला नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, चांगल्या कामाबद्दल आलेले मेल यांच्या प्रती घरी ठेवा. पत्नीशी आजच बोला, महिनाअखेर उजाडल्यावर नको. दोन-तीन हप्ते भरता येतील एवढी सोय कुठून होईल ते दोघं मिळून बघा. चार वर्षं रायडर आणि दोन वर्षं ५२ माणसं सांभाळलेला माणूस आजच्या बाजारात फार दिवस रिकामा राहत नाही, असं मला मनापासून वाटतं. पण ते गृहीत धरून हप्ता भरता येत नाही, म्हणून तयारी ठेवा.

'मी कुणाच्या बाजूचा?' असं तुम्ही विचारलंय. मला ते दोन बाजूंचं कोडं वाटत नाही. शेडमध्ये काय घडतं ते दोन्हीकडे जसंच्या तसं पोचवणारं दुसरं कुणी नाही, एवढंच मला दिसतं. साहेबांना ॲपवरचे आकडे दिसतात, पोरांना खात्यात आलेले पैसे दिसतात. मधलं फक्त तुम्हाला दिसतं.

राहिला दादा. तुमच्याकडे नावं मागितली होती आणि तुम्ही दिली नाहीत, हे त्याला सांगावं का? मी म्हणेन, सांगू नका. सांगितलंत तर ते दोन तासांत टपरीवर पोचेल, साहेबांचा मागे फिरायचा रस्ता बंद होईल, आणि दादाला ते उपकार मोजल्यासारखं वाटेल. पण १४ दिवसांच्या नोटिशीचं आणि आयडीचं त्याला नक्की सांगा, आणि बैठकीतल्या पाच जणांत तो असावा असंही सांगा. टपरीवर नाही, त्याच्या घरी जाऊन.

आणि त्याआधी एक दिवस आठवड्याची सुट्टी घ्या आणि त्याच्या गाडीवर मागे बसा, पहिल्या आठवड्यात बसला होतात तसेच. त्याला आधी विचारा, तो नको म्हणाला तर आग्रह करू नका. हो म्हणाला तर सकाळी बॅग भरल्यापासून संध्याकाळी कॅश जमा करेपर्यंत बरोबर राहा. निम्मे नग तुम्ही चढवा. मोबाइलवर घड्याळ लावा आणि प्रत्येक नगाला लागलेली मिनिटं लिहा. गेटवर किती, जिन्यावर किती, ओटीपीला किती. दुपारी त्याला पाणी कुठे मिळतं आणि लघवीला तो कुठे जातो, तेही लिहा. मेलला जोडायचा कागद तोच.